नाशिकच्या द्राक्षमळ्यात युर्टमध्ये दोन रात्री: जळगाव-धुळ्याहून बेत कसा आखावा?

वाघूर
नमस्कार मंडळी. जळगावहून दोन कुटुंबं आणि धुळ्याहून एक, असे आठ जण आहोत. सहा मोठे, दोन मुलं (७ आणि ११ वर्षांची). मोठ्यांत एक आजी आहेत, त्यांचे गुडघे दुखतात, खाली बसवत नाही. नाशिककडे द्राक्षमळ्यात युर्टमध्ये (मध्य आशियातल्या भटक्या लोकांच्या गोल तंबूसारख्या खोलीत) दोन रात्री राहायचं आणि वायनरी निवांत बघायच्या, असं ठरतंय. वाईन घेणारे चार, बाकीचे नाहीत. डिसेंबरचा शेवटचा आठवडा घ्यावा की जानेवारी? आणि पैसे भरण्याआधी मालकाला नेमकं काय विचारायचं? जाहिराती बठ्ठ्या सारख्याच दिसतात.

पांझरा
वाघूरभाऊ, डिसेंबरचा शेवटचा आठवडा सोडा. मुंबई-पुण्याची गर्दी, चढं भाडं हे तर आहेच, पण खरं कारण द्राक्षांचं आहे. आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ती काडी तयार करण्यासाठी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, ती फळासाठी. गोडी छाटणीपासून वाईनची द्राक्षं पिकायला चार-साडेचार महिने जातात. म्हणजे तोडणी जानेवारीत सुरू होऊन मार्चपर्यंत चालते. आधी पांढरी (सोविन्याँ ब्लाँ, शेनिन ब्लाँ), मागून शिराझ, कॅबर्ने ही काळी. डिसेंबरात गेलात तर घड दिसतील, पण वायनरीत टाक्या शांत असतील. जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य या दिवसांत क्रशर, प्रेस, टाक्या सगळं चालू असतं. बघण्यासारखं तेव्हाच असतं.

एक मोठी खोच आहे. २६ आणि ३० जानेवारी दोन्ही ड्राय डे. सव्वीसच्या सुट्टीला जोडून लोक बुकिंग करतात आणि नेमक्या त्या दिवशी टेस्टिंग रूम (वाईन चाखायची खोली) बंद. निवडणूक लागली असेल तर मतदान संपण्याआधीचे ४८ तासही तसेच. सुलाचा संगीत महोत्सव त्या वर्षी असेल तर त्याच्या तारखाही बघून घ्या, कारण त्या शनिवार-रविवारी गंगापूर-सावरगाव रस्ता तुंबतो. मंगळवारी जाऊन गुरुवारी परत, हे उत्तम. तोडणीचे मजूर, वायनरीतली माणसं कामात दिसतात आणि समजावून सांगणाऱ्यालाही वेळ असतो.

गिरणाकाठ
जाहिरातीत युर्ट लिहिलंय म्हणून तो युर्ट असेलच असं नाही. मधोमध एक खांब आणि बाहेर ताणलेल्या दोऱ्या दिसल्या तर तो बेल तंबू. त्रिकोणी तुकड्यांचा गोल घुमट म्हणजे जिओडेसिक डोम. दोन्ही वाईट नाहीत, पण युर्टच्या भाड्यात ते घेऊ नका.

खऱ्या युर्टला भिंतीत लाकडी जाळी असते, दुकानाच्या चॅनल गेटसारखी उघडमिट होणारी. जाळीच्या वरच्या कडेवर वासे टेकतात आणि वासे वर एका लाकडी कड्यात जाऊन बसतात. मंगोलियात त्या कड्याला तोनो म्हणतात, तिथे त्याला बहुधा दोन खांबांचा आधार असतो. किरगिझ आणि कझाक युर्टचे वासे खालून वाकवलेले असतात, त्यांना मधला खांब लागत नाही. मंगोलियन गेर बांधण्याची कला २०१३ मध्ये आणि किरगिझ-कझाक युर्टची २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. म्हणजे ही कापडी खोली नाही, पूर्ण बांधकामशास्त्र आहे.

मालकाकडून आतला फोटो मागवा, छताकडे बघून काढलेला. त्यात तीन गोष्टी पाहा.

पहिली, जाळीच्या डोक्यावरून गोल फिरलेला पट्टा किंवा स्टीलची वायर रोप. वाशांचं वजन जाळीला बाहेर ढकलत असतं, ते हा पट्टा अडवतो. तो ढिला पडला की भिंत फुगते, कडं खाली बसतं आणि दार चौकटीत अडकायला लागतं. ज्या युर्टचं दार खांदा लावून उघडावं लागतं, तिथे पट्टाच गेलेला असतो.

दुसरी, कडं उघडतं का. वर पारदर्शक घुमट कायमचा बसवला असेल तर दुपारी आत भट्टी होते. फेब्रुवारीतही. कडं उघडं आणि भिंतीचं कापड खालून वीतभर उचललेलं, अशी सोय असली की गरम हवा वरून निघते, खालून गार हवा आत येते.

तिसरी, चौथरा. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच हवा. काळ्या मातीत तर नक्कीच. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून डेकचे खांब मुरमापर्यंत नेलेले असावेत. नाहीतर डेक एका बाजूला कलतो आणि गोल भिंतीवरचा ताण सारखा राहत नाही.

आजींसाठी वेगळं विचारा: चौथऱ्याला किती पायऱ्या, कठडा आहे का, दाराची उंची किती, उंबरा किती, पलंग किती उंच. पारंपरिक दारं बुटकी असतात, वाकून जावं लागतं. आणि संडास-बाथरूम युर्टला जोडलेलं आहे की बाहेर चालत जायचं? रात्री दोनला दव पडलेल्या गवतातून ५० मीटर, हे गुडघेदुखीच्या माणसाला जमणार नाही.

वाघूर
आप्पा, हे फार कामाचं. आठ जणांना किती युर्ट लागतील?

गिरणाकाठ
व्यास विचारा. ‘चार जणांचा’ असं सांगितलं तर ऐकून सोडून द्या. ५ मीटर व्यास म्हणजे साधारण २१० चौरस फूट, ६ मीटर म्हणजे ३०० च्या वर. पण गोल खोलीत चौकोनी पलंग ठेवले की कडेची बरीच जागा वाया जाते. ६ मीटरमध्ये एक डबल, दोन सिंगल पलंग आणि बॅगा बसतात, पाचव्याची गादी पायात येते. तुम्हाला ६ मीटरचे दोन किंवा ५ मीटरचे तीन. तीन घेतले तर आजी आणि मुलं एका युर्टमध्ये, बाथरूमजवळच्या. दोन युर्टमध्ये निदान २०-२५ फूट अंतर हवं. कापडाने आवाज अडत नाही, घोरणंसुद्धा शेजारी पोचतं. आग लागली तर तेच अंतर कामाला येतं.

कपाशी
थंडीचं काही विशेष नाही भो. लोखंडी शेगडीत कोळसे पेटवून रात्री आत ठेवायचे, युर्ट मस्त उबदार होतो. मंगोलियात पण आत चूलच असते ना.

अनेर
कपाशीभाऊ, हे कोणीही करू नये. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना वास, ना धूर, आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो. तिथल्या युर्टमधल्या चुलीला लोखंडी धुराडं असतं आणि ते कड्यातून बाहेर काढलेलं असतं, तो फरक जीवनमरणाचा आहे. शेगडी, कोळसा, गॅसचा हीटर, जनरेटर, यातलं काहीही झोपण्याच्या जागेत नको, कडं उघडं असलं तरी. विझत आलेले निखारे जास्त धोक्याचे, कारण ज्वाला दिसत नाही आणि वायू निघतच राहतो.

थंडी मात्र विशेष आहे. जळगाव समुद्रसपाटीपासून २०० मीटरच्या थोडं वर, नाशिक ६०० च्या आसपास. जानेवारीत नाशिकला रात्री पारा १० च्या जवळ असतो, थंडीची लाट आली की ६-७ वर. निफाडला काही वर्षी ५ च्याही खाली गेलेला आहे.

आता हीटरचं गणित. ६ मीटर व्यासाचा युर्ट, भिंत १.८ मीटर, मधे छत आणखी एक मीटर वर. भिंत आणि छप्पर मिळून कापडाचं क्षेत्रफळ ६४ चौरस मीटर येतं. नुसतं एकेरी कापड असेल तर दर चौरस मीटरमागे, दर अंशाच्या फरकामागे साधारण ५ वॅट उष्णता बाहेर जाते. म्हणजे २००० वॅटचा ब्लोअर रात्रभर लावून आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा जेमतेम ६ अंशांनी वाढेल. बाहेर ८ तर आत १४. त्याच युर्टला कापडाच्या आत इंचभर लोकरीचा नमदा (लोकर दाबून केलेला जाड थर) असेल तर १२ अंशांचा फरक राखायला ११००-१२०० वॅट पुरतात. म्हणून मालकाला ‘हीटर आहे का’ असं विचारू नका, ‘भिंतीत आणि छतात नमदा किंवा इन्सुलेशन आहे का, किती जाड’ असं विचारा. नसेल तर माणशी दोन रजया मागा आणि गादीखाली जाड सतरंजी घाला. लाकडी डेक खालून उघडा असतो, अर्धी थंडी पाठीतून लागते.

पहाटे छताच्या आतून थेंब पडले तर गळती समजू नका. पीव्हीसीच्या कापडाखाली श्वासातली वाफ गार होऊन तिचं पाणी होतं. कडं चार बोटं उघडं ठेवलं की थांबतं. सगळं बंद करून झोपणाऱ्यांच्याच रजया ओल्या होतात.

पांझरा
अनेरभाऊ, थंडीचा एवढा धाक असेल तर फेब्रुवारीचा दुसरा आठवडा बरा नाही का? लाट ओसरते.

अनेर
रात्रीसाठी बरा. पण दुपारी नमदा नसलेला युर्ट ११ नंतर तापतो. दुपार वायनरीत घालवणार असाल तर फेब्रुवारी घ्या. आजी आणि मुलं दुपारी युर्टवरच थांबणार असतील तर जानेवारीचा तिसरा आठवडा. झाडाच्या सावलीतला युर्ट मिळाला तर प्रश्नच नाही, म्हणून गुगल नकाशावर उपग्रहाचं चित्र उघडून जागेवर झाडं आहेत का ते बघा. फेब्रुवारी-मार्चात अवकाळी आणि गारपिटीचा धोका असतो, तारीख बदलून मिळेल का हे लेखी घ्या.

विजेचं राहिलं. जागा गावठाण फीडरवर (गावातल्या घरांच्या वीजवाहिनीवर) आहे की शेती फीडरवर, हे विचाराच. शेतीची थ्री फेज वीज दिवसात आठ-दहा तासच असते आणि कधी रात्रीची पाळी असते. शेती फीडरवर असेल तर इन्व्हर्टरवर काय काय चालतं ते विचारा. दिवा आणि पंखा चालेल, ब्लोअर आणि गीझर नाही. २००० वॅटचा ब्लोअर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. तो साध्या एक्स्टेंशन बोर्डवर लावला की प्लग वितळतो आणि शेजारी कापड असतं. १६ अँपिअरचं सॉकेट भिंतीला पक्कं बसवलेलं आणि बोर्डात आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच), एवढं नसेल तर हीटर लावूच नका.

बोरी
आता वाईनकडे येऊ या. नाशिकच्या वायनऱ्या एका जागी नाहीत, तीन दिशांना आहेत. गंगापूर धरणाकडे सुला, यॉर्क, सोमा. दिंडोरीकडे शाँदों आणि बरेच द्राक्षमळे. इगतपुरीकडे संजेगावला ग्रोव्हर झाम्पा, कावनईजवळ व्हॅलोने. गंगापूर आणि इगतपुरी एका दिवसात कोंबू नका, सगळा वेळ गाडीत जातो. दोन रात्रींसाठी एकच बाजू निवडा आणि युर्टही तिथलाच घ्या. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी गंगापूर बाजू घ्यावी: सुलाने १९९७ मध्ये पहिली लागवड केली, नाशिकची वाईन घराघरात पोचली ती तिथून. मोठी वायनरी सकाळी बघा, छोटी संध्याकाळी. मोठ्या ठिकाणी यंत्रं नीट दिसतात, छोट्या ठिकाणी वाईनबद्दल बोलायला माणूस मिळतो.

दिवसाला दोन टेस्टिंग, त्याच्यापुढे नाही. एका टेस्टिंगमध्ये पाच-सहा वाईन, प्रत्येकी ३० मिलिलिटरच्या आसपास. म्हणजे एका वेळी एक भरलेला ग्लास पोटात जातो. तिसऱ्या ठिकाणी जिभेला फरक कळेनासा होतो. क्रम साधारण असा: स्पार्कलिंग (फसफसणारी), पांढरी, रोझे (गुलाबी), काळी (रेड), आणि गोड सर्वांत शेवटी. मधे पाणी आणि साधा पाव. ओतून टाकायला भांडं ठेवलेलं असतं, ते वापरण्यात कमीपणा काही नाही, जाणकार तेच करतात. सकाळी तंबाखू, गुटखा, पान आणि कडक अत्तर टाळा. तुमच्या अत्तराने शेजारच्याचीही वाईन बिघडते.

ओळखपत्र सगळ्यांनी ठेवा, २१ च्या आतल्यांना वाईन मिळत नाही. मुलांना काय मिळतं हे आधी विचारा. तोडणीच्या दिवसांत काही ठिकाणी द्राक्षं पायाने तुडवण्याचा कार्यक्रम असतो, मुलांना तो आवडेल. कपडे जुने घाला, काळ्या द्राक्षांचा डाग निघत नाही.

वाघूर
बोरीताई, मुलांना मळ्यात घड तोडून खाऊ दिले तर चालतं का?

बोरी
नाही, मळेवाल्याला विचारल्याशिवाय एकही मणी तोडू देऊ नका. द्राक्षावर भुरी आणि डाऊनी या बुरशीच्या रोगांसाठी फवारण्या चालतात आणि औषध मारल्यापासून तोडणीपर्यंत ठरावीक दिवस जावे लागतात. कोणत्या ओळीत कधी फवारलं हे मळेवाल्यालाच माहीत. शिवाय वाईनची द्राक्षं बारीक, बियांची आणि जाड सालीची असतात, खाण्यासाठी ती नाहीतच. खायची पिंपळगाव-ओझरला रस्त्यावर मिळतील, घरी आणून धुवून खा.

यावरून युर्टचा आणखी एक प्रश्न निघतो. शेजारी खाण्याच्या द्राक्षाची बाग असेल तर पहाटे ट्रॅक्टरचा ब्लोअर फिरतो. आवाज आणि वास दोन्ही कापडातून आत येतात. बाग किती अंतरावर आणि फवारणी कधी, हे विचारून घ्या.

पांझरा
गाडी कोण चालवणार ते पण ठरवा. रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम ही मर्यादा, पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. एका टेस्टिंगने ही मर्यादा ओलांडू शकते. न घेणाऱ्यांपैकी एकाकडे चाव्या द्या, नाहीतर युर्टवाल्याकडून गाडी ठरवा. वायनरीबाहेर संध्याकाळी रिक्षा मिळेल या भरवशावर राहू नका.

जायचा रस्ता: जळगाव-एरंडोल-पारोळा-धुळे, तिथे धुळेकर मंडळी घ्या, मग मालेगाव, चांदवड, पिंपळगाव. जळगावहून एकूण २५० किलोमीटर धरा, थांबे धरून साडेपाच तास. मालेगावपुढे राहूड घाटात ट्रक रांगेने चढतात. जानेवारीत उमराणे, चांदवड, पिंपळगाव इथे लाल कांद्याचे ट्रॅक्टर सकाळी महामार्गावर असतात, त्यामुळे तो टप्पा दुपारी १२ नंतर गाठा. दिंडोरी बाजूला राहणार असाल तर नाशिक शहरात शिरायचं कारण नाही, पिंपळगाव बसवंतहून पालखेडमार्गे दिंडोरी.

रेल्वेने आजींना सोपं जाईल. जळगाव ते नाशिक रोड सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, तीन-साडेतीन तास. पण नाशिक रोडहून गंगापूर बाजू शहर ओलांडून पलीकडे आहे, एक तास वेगळा धरा.

तापीकाठ
जेवणाकडे कोणी वळलंच नाही. युर्टवाले पास्ता आणि बार्बेक्यू देतात, दुसऱ्या रात्री सगळ्यांना आपलं जेवण आठवतं. जानेवारी म्हणजे भरताचाच हंगाम. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, ते सोडून का जायचं? आठ जणांना अडीच-तीन किलो वांगी, पाव किलो हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि तेल. कळण्याचं पीठ घरून न्या, पुऱ्या तिथे तळून घ्या. वांगी भाजायला तुराट्या किंवा कपाशीच्या काड्या लागतात, गाडीत एक मोळी बांधून टाका. गॅसवर भाजलेल्याला ती चव नाही. आगीची जागा मात्र युर्टपासून ४०-५० फूट लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला. ठिणगी कापडावर पडली की भोक पडतं आणि भरपाई मागतात. शेजारी पाण्याची बादली भरून ठेवा.

बोरी
तापीकाठ नाना, भरताला एक गोष्ट. तिखटासोबत अल्कोहोल जास्त जळजळतं आणि काळ्या वाईनचा तुरटपणा कडू लागतो. म्हणून भरीत किंवा काळ्या मसाल्याची शेवभाजी असेल तर शिराझ, कॅबर्ने उघडू नका. किंचित गोडसर शेनिन ब्लाँ किंवा रोझे, चांगली गार करून, ८-१० अंशांवर. मिरची नेहमीच्या निम्मी घाला, वांग्याचा धुरकट वास वाईनसोबत खुलतो. काळी वाईन दुसऱ्या रात्री पनीर किंवा मटण भाजाल तेव्हा, १६-१८ अंशांवर. जानेवारीच्या रात्री ती डेकवर अर्धा तास ठेवली की पुरते.

सातपुडा
नंदुरबारकडून कोणी हा धागा वाचत असेल तर: जाताना नवापूर-आहवा-सापुतारा-वणी रस्ता छान आहे, पण तो गुजरातेतून, डांग जिल्ह्यातून जातो. तिथे दारूबंदी आहे. परतताना गाडीत वाईनच्या बाटल्या असतील तर तो रस्ता घेऊ नका, महाराष्ट्राचं बिल तिथे चालत नाही. दिंडोरी-वणी-कळवण-सटाणा-ताहाराबाद-पिंपळनेर-साक्री असं या, हा रस्ता पूर्ण आपल्या राज्यातून आहे. चैत्रात हा बेत करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, सप्तशृंगी गडावरच्या यात्रेसाठी खान्देशातून पायी जाणाऱ्यांची रात्रंदिवस गर्दी असते. गाडी हळू हाकावी लागते.

वाघूर
सगळ्यांचे मनापासून आभार. जानेवारीचा तिसरा आठवडा, मंगळवार ते गुरुवार, गंगापूर बाजू. बाटल्या घरी आणायच्या तर काय काळजी घ्यायची? सहा-सात घेऊ म्हणतो.

बोरी
बिल जवळ ठेवा. बाटल्या डिकीत नको, थर्माकोलच्या खोक्यात, दोन बाटल्यांमध्ये वर्तमानपत्र घालून, मागच्या सीटच्या पायाशी ठेवा. धुळ्याला जेवायला थांबाल तेव्हा गाडी सावलीत. वाईन ३० अंशांच्या वर काही तास राहिली तरी तिचा ताजेपणा जातो, बूच वर सरकतं.

जळगावच्या उन्हाळ्यात तर कपाटात ठेवून चालणारच नाही, मेमध्ये घरातच ४० पर्यंत जातं. शेनिन, सोविन्याँ, रोझे होळीच्या आत संपवा, त्या साठवायच्या वाईन नाहीत. काळी एखादी ठेवायची असेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, भाजीच्या शेजारी. फिरकीचं झाकण असेल तर उभी चालेल, बूच असेल तर आडवी. उघडलेली पांढरी किंवा रोझे झाकण लावून फ्रिजमध्ये तीन दिवस टिकते, काळी चार-पाच. स्पार्कलिंग दुसऱ्या दिवशीच संपवावी लागते, ती घेतली तर आठ जण असतानाच उघडा.

अनेर
वाघूरभाऊ, मालकाकडून छताचा फोटो आला की इथे टाका. वायर रोप आणि कडं बघून सांगतो.